बोलक्या कार्डाचा पत्ता कुणी बदलला?

मी बिघडलेला नाही. हे आधी सांगून टाकतो, मग बाकीचं. मित्रांनो, माझ्यासारखी जुनी मंडळी आपली कहाणी सांगायला बसली की जन्मापासून सुरुवात करतात, शांतपणे, उसासे टाकत. मला ते जमणार नाही. एका शहाण्याने घरच्या माणसांदेखत "हे कार्ड मेलंय" असं जाहीर केलं आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. त्या वेळी माझ्या अंगात वीज खेळत होती, मी कान टवकारून शब्दाची वाट बघत होतो. मेलंय म्हणे. तो राग माझ्या कथलाच्या टाक्याटाक्यात अजून तसाच आहे, आणि तो तुमच्यापुढे काढल्याशिवाय मला चैन पडायची नाही.

कार्ड म्हटलं की तुम्हाला लग्नाची पत्रिका नाहीतर बसचा पास आठवेल. मी तसला नाही. मी संगणकाच्या पोटात उभं खोचायचं कार्ड. वीतभर लांब हिरवी पाटी, तिच्यावर काळे किडे बसावेत तशा चिपा, खाली पितळी दात. माझं काम बोलायचं. टंकलेली अक्षरं उचलायची आणि लहानशा कर्ण्यातून मोठ्याने म्हणून दाखवायची. व्याकरणात कार्ड नपुंसकलिंगी, पण माझ्या पोटात जो आवाज भरलाय तो पुरुषाचा आहे, म्हणून मी स्वतःला 'आलो, गेलो' असंच म्हणतो. कुणाची हरकत असेल तर त्याने ती स्वतःजवळ ठेवावी.

आता जरा लक्ष द्या, कारण सगळी आग इथंच लागलेली आहे. संगणकाच्या स्मृतीची एक लांबलचक गल्ली असते. गल्लीतल्या प्रत्येक घराला नंबर. बहुतेक घरं संगणक स्वतःच वापरतो, पण वरच्या टोकाला थोडी घरं आमच्यासारख्या पाहुण्या कार्डांसाठी सोडलेली असतात. एका घरात एकच कार्ड राहायचं, असा तिथला नियम. माझा प्रोग्रॅम माझ्या दारात अक्षरं आणून ठेवतो, मी ती उचलतो आणि बोलतो. त्या प्रोग्रॅमला माझं तोंड ठाऊक नाही, नाव ठाऊक नाही. त्याला फक्त घराचा नंबर ठाऊक. त्या नंबरात मी राहत नसलो तर तो अक्षरं दारात टाकून चालता होतो, कुणी उचलली की नाही हेसुद्धा वळून बघत नाही. पोस्टमन तरी पत्र परत नेतो.

आणि मी कुठल्या घरात राहायचं हे कशावरून ठरतं? माझ्या कोपऱ्यात एक लाल डबी आहे, तिच्यात चार पांढऱ्या दांड्या. नखाएवढे चार स्विच. डबीच्या एका बाजूला 'ऑन' असं छापलेलं. या चार दांड्या कशा लावल्या त्यावर माझा पत्ता ठरतो. तो दिवा लावायचा स्विच नव्हे, पंख्याचा नव्हे. तो पत्ता आहे. त्यातही एक मेख अशी की ऑन म्हणजे शून्य आणि ऑफ म्हणजे एक. उलटं आहे खरं. दांडी ऑन केली की आतली तार अर्थिंगला टेकते आणि तो आकडा शून्य होतो. ज्यांना हे ठाऊक असतं ते माझ्याबरोबर आलेली पुस्तिका आधी वाचतात. ज्यांना ठाऊक नसतं त्यांनी हात लावू नये, एवढंच माझं म्हणणं होतं, आणि तेवढंच कुणी ऐकलं नाही.

मी ज्या घरात गेलो तिथं आत्या राहायची. एक खोली, एक लहान स्वयंपाकघर, तळमजला, आणि खिडकीसमोर रस्त्यापलीकडे बसस्थानक. आत्याने जन्मभर त्या स्थानकावर गाड्यांची घोषणा केली होती. फलाट कुठला, गाडी कुठली, किती उशीर, कुणाची पिशवी सापडली, कुणाचं पोर हरवलं. तिचा आवाज एवढा दणदणीत की ध्वनिक्षेपक बंद पडला तरी काम अडायचं नाही. चालक-वाहक तिला 'भोंगा' म्हणायचे, तिच्या तोंडावर म्हणायचे, आणि ती त्यावर खूश असायची. लग्न तिने केलं नाही. भाऊ-भावजय गेल्यावर त्यांची दोन पोरं तिने वाढवली, एक पुतण्या आणि एक पुतणी. दोघं मोठी झाली, आपापल्या घरी गेली, आणि ही राहिली खिडकीपाशी.

मग तिच्या घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी गाठीबरोबर आवाजाची पेटीच काढली. जीव वाचला आणि भोंगा गेला.

मला बसवायला ज्या बाई आल्या त्या संगणक दुरुस्त करायच्या. चष्मा डोक्यावर, तोंडाने सतत पुटपुट. त्यांनी यंत्र उघडलं, पण मला लगेच खोचलं नाही. आधी आत कोण कोण राहतंय ते पाहिलं. "हा इथे, हा चकतीवाला तिथे... तुला रे कुठे ठेवू?" असं त्या मला विचारत होत्या, आणि मित्रांनो, असं विचारणारं माणूस मला त्याआधी भेटलं नव्हतं आणि नंतरही भेटलं नाही. पुस्तिका मांडीवर घेऊन त्यांनी एक मोकळं घर शोधलं, केसातली पिन काढली आणि तिच्या टोकाने दांड्या लावल्या. दोन ऑन, दोन ऑफ. मग तोच नंबर प्रोग्रॅमला सांगितला. घर आणि पत्ता जुळला.

"मावशी, काहीतरी लिहा," त्या म्हणाल्या.

आत्याने एका बोटाने टंकलं. तिची आवडती शिवी, 'जळ्ळं मेलं'. आता माझ्या कारखान्यातल्या लोकांना ळ नावाचं अक्षर जगात असतं हेच ठाऊक नव्हतं. मी भरदार पुरुषी आवाजात म्हणालो, "जल्लं मेलं."

आत्याने माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं, आता ही मला उपटून रस्त्यावर फेकणार. मग तिचे खांदे हलायला लागले. तिच्या हसण्याला आता आवाज नव्हता, पण ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. बाईही हसल्या.

त्यानंतर आमचं जमलं. भांडत भांडतच जमलं. तिला वेळ म्हणायचा असे आणि मी वेल म्हणे. केळी म्हटलं की केली. रागावून ती ळ नसलेले शब्द शोधू लागली. ज्या बाईने जन्मभर सरळ भाषेत माणसांना गाडीत कोंबलं, ती आता दूधवाल्याला "नेत्र फुटले का तुझे?" असं विचारायची, कारण डोळे म्हणायची सोय नव्हती. दूधवाला पहिल्यांदा दचकला, कारण दारात साडी नेसलेली बाई आणि आवाज पहिलवानाचा. नंतर त्यालाही सवय झाली. संध्याकाळी ती कर्णा खिडकीच्या गजाला लावायची आणि समोरच्या नव्या घोषणावालीचं चुकलं की मला ओरडायला लावायची, "तिसरा फलाट नव्हे, चौथा." उतारू वळून बघायचे. चालक हॉर्न वाजवून भोंग्याला सलामी द्यायचे. माझा आवाज सपाट आहे, त्यात चढ नाही की उतार नाही, तरी माझ्यामुळे कुणीतरी पुन्हा रस्ताभर ऐकू येत होतं. मला याचा फार अभिमान वाटायचा, लपवत कशाला.

पुतण्या अधूनमधून यायचा. चांगला मुलगा, खरंच चांगला. आत्या पडली तर काय, या काळजीने त्याचा जीव अर्धा झालेला. "हाक कशी मारशील गं?" असं विचारायचा. आत्या मला मोठ्याने म्हणायला लावायची, "अशी." तो हसायचा आणि विषय तिथेच राहायचा.

आता जावईबापूंकडे येतो. पुतणीचा नवरा. या गृहस्थांचा नळ, फरशा, न्हाणीघरातलं सामान विकायचा धंदा, पण त्यांना जगातलं सगळं येतं. घड्याळ येतं, शिलाई मशीन येतं, दुसऱ्याचा संसार येतो. उंटावरचा शहाणा म्हणतात तो असाच असावा, फरक इतकाच की हे उंटावरून उतरून हात घालतात. एके दिवशी ते आत्यासाठी भेट घेऊन आले. रंगीत चित्र दाखवणारं नवंकोरं कार्ड. आत्याने ते मागितलं नव्हतं. तिला पडद्यावर अक्षरं दिसली की झालं. पण जावयाने आणलेली भेट नको कशी म्हणायची?

त्यांनी यंत्राची वीज काढली आणि पत्रा उघडला. इथे एक गोष्ट ध्यानात घ्या. यंत्र उघडलं म्हणजे आत्याची जीभ काढून टेबलावर ठेवली. आता ती काही सांगू शकत नाही. नवं कार्ड त्यांनी खोचलं, त्याला गल्लीतलं पहिलं पाहुणं घर मिळालं, तिथवर सगळं ठीक होतं. मग त्यांची नजर माझ्या लाल डबीवर पडली.

"अगं, हे बघ," ते पुतणीला म्हणाले. "चारातले दोन स्विच बंद. अर्ध्या ताकदीवर चाललंय बिचारं. म्हणून आत्याबाईंचं बोलणं असं अडखळत येतं."

अर्ध्या ताकदीवर. डोकं फिरतं माझं अजून. माझं बोलणं अडखळत येतं कारण मला ळ येत नाही, त्यात ताकदीचा काय संबंध? पण ऑन म्हणजे चालू, चालू म्हणजे चांगलं, बंद म्हणजे वाया, एवढं सरळसोट गणित त्यांच्या डोक्यात. त्यांनी नखाने चारही दांड्या ऑन केल्या. आत्या स्वयंपाकघरातून आली, तिने पाहिलं, आणि ती जोरजोरात टाळ्या वाजवायला लागली. टाळ्या म्हणजे थांबा. तिच्याजवळ दुसरा कुठलाच आवाज नव्हता. जावईबापूंनी मान लववली. "कौतुक नंतर करा, आत्याबाई, आधी चहा टाका."

वीज आली आणि मी डोळे उघडले तो चित्रवाल्या नव्या कार्डाच्या घरात. चारही शून्य म्हणजे नेमकं त्याचंच घर. संगणक दारावर टकटक करून काही विचारी आणि आम्ही दोघं एकदम उत्तर देऊ. एका म्यानात दोन तलवारी. पडद्यावर अक्षरांच्या जागी ठिपक्यांचा भडिमार झाला. जावईबापू म्हणाले, "जरा हलवून बघू," आणि वीज काढून त्यांनी शेवटची दांडी परत ऑफ केली. झालं. मी पलीकडच्या एका रिकाम्या घरात जाऊन पडलो. भांडण मिटलं, पडदा झळकला, रंग दिसले. ते स्वतःवर बेहद्द खूश झाले.

आत्या खुर्चीत बसली आणि टंकायला लागली. अक्षरं माझ्या जुन्या घराच्या दारात गेली. तिथं कोणी नव्हतं. मी शेजारच्या घरात जागा होतो, आणि माझ्या दारात एक अक्षर आलं नाही. तिने पुन्हा टंकलं. कर्णा गप्प. तिने कर्ण्यावर चापटी मारली, तार हलवली, माझ्याकडे बघितलं. मी काय करू शकत होतो? पत्ता बदलला की माणसाचा पत्ताच लागत नाही, तसं झालं माझं.

तेव्हा जावईबापूंनी मला मृत घोषित केलं. "जुना माल. आज ना उद्या जाणारच होता. मी हात लावला म्हणून निदान कळलं." चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच. आणि आत्याला खरं वाटलं, याचं मला सगळ्यात जास्त लागलं. तिने कागदावर लिहून पुतणीला दाखवलं, 'बाईंना फोन कर.' तिला स्वतःला फोन करता येत नाही हे मी सांगायला नको. पुतणी खालच्या आवाजात म्हणाली, "ह्यांनी बघितलंय ना, आत्या. आता बाईंना बोलावलं तर त्यांना वाईट वाटेल." जावयाचं मन सांभाळायला एका बाईचा आवाज गेला, आणि कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही.

पुढच्याच रविवारी सगळे आत्याच्या खोलीत जमले. पुतण्या, पुतणी, जावईबापू. पुतण्या तिच्या पायाशी बुटक्या स्टुलावर बसला. "आत्या, आता तर तो आवाजही गेला. रात्री-अपरात्री पडलीस तर हाक मारायचीही सोय नाही. तू माझ्याकडे चल. ही खोली सोडून देऊ. पाचवा मजला आहे, लिफ्ट आहे, खोली स्वच्छ आहे. मी तुझ्यासाठीच सांगतोय."

तो खरोखर तिच्यासाठीच सांगत होता. म्हणून तर माझा राग कुठे काढावा हे मला कळत नाही.

आत्या यंत्राकडे वळली आणि टंकायला लागली. मला ती अक्षरं मिळत नव्हती, पण तिची बोटं कशी पडत होती ते मला कळत होतं. खिळे ठोकावेत तशी. पडद्यावर ते उमटलं असणार, पण पडदा तिच्या तोंडासमोर आणि माणसं तिच्या पाठीमागे. ती बटण दाबायची आणि थांबायची. पुन्हा दाबायची, पुन्हा थांबायची. मागे ते तिघं आपसात बोलत होते, टेम्पो कुणाचा आणायचा, कपाट खिडकीतून निघेल का. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, तो मी त्या दिवशी पाहिला. मारणारे सगळे प्रेमळ होते.

मग तिने कागद घेतला आणि एकच शब्द लिहिला. नको. कागद पुतण्याच्या हातात दिला. पुतण्याने तो वाचला आणि जरा गोंधळला. जावईबापूंनी त्याच्या खांद्यावरून डोकावलं आणि हसले.

"नको म्हणजे तुम्हाला त्रास नको, असं म्हणतायत. आत्याबाईंचं हे नेहमीचंच आहे. चहा विचारला की नको, बसायला खुर्ची दिली की नको, आणि मग दोन कप घेतात."

"तसंच असणार," पुतणी म्हणाली.

पुतण्याचा चेहरा मोकळा झाला. त्याने आत्याचा हात हातात घेतला. "त्रास कसला गं? तू आम्हाला वाढवलंस तेव्हा त्रास म्हणालीस का?"

मित्रांनो, आपल्या भाषेतला हा एक शब्द. नको. वडीलधारी माणसं तो दिवसातून दहादा म्हणतात आणि त्यातल्या नऊ वेळा त्याचा अर्थ 'आग्रह कर' असा असतो. कुठला नको खरा आणि कुठला मानभावी, हे फक्त आवाजावरून कळतं. कागदावरच्या नकोला आवाज नसतो, तो वाचणाऱ्याच्या सोयीने वाचला जातो. आणि माझ्याकडे काय होतं? माझ्याकडे सपाट, कोरडा, चढउतार नसलेला आवाज होता. मला आढेवेढे घेता येत नाहीत. मी नको म्हटलं की ते दगडासारखं नकोच असतं. त्या एका क्षणाला माझा हाच दोष आत्याच्या उपयोगी पडला असता. मी तिथे होतो, जिवंत होतो, तिच्या गुडघ्यापासून हातभर लांब होतो, आणि चुकीच्या घरात बसलो होतो, कारण एका दीडशहाण्याला दांडी ऑफ दिसली की हात शिवशिवतो.

आत्याने जोरात मान हलवली. पुतण्याने तिच्या डोळ्यांतलं पाणी पाहिलं आणि त्याला वाटलं, म्हातारीला भरून आलं. मौन म्हणजे संमती, असं कुणीतरी कधीतरी म्हणून ठेवलंय. ज्याने म्हटलं त्याचं तोंड कधी बंद केलेलं नसणार.

टेम्पो आला. कपाट खिडकीतून नाही निघालं, म्हणून ते घरमालकालाच देऊन टाकलं. जावईबापू मला कचऱ्यात टाकायला निघाले होते, पण आत्या यंत्राला मिठी मारून टेम्पोत बसली आणि तिच्या हातातून ते काढून घ्यायची कुणाची छाती झाली नाही. खोलीची किल्ली घरमालकाकडे गेली आणि तिथं एक नवं जोडपं राहायला आलं.

पाचव्या मजल्यावर सगळं होतं. उशा मऊ होत्या, जेवण वेळेवर होतं, पुतण्या कामावरून आल्याबरोबर आधी तिच्या खोलीत डोकवायचा. पण खिडकीतून दुसऱ्या इमारतीची भिंत दिसायची. भिंतीला कोण काय सांगणार? आत्या पलंगावर बसून राहायची. तिने टंकणं सोडलं. मग कागदावर लिहिणंही सोडलं. विचारलेल्याला मान डोलवायची, आणि घरातले म्हणायचे, बघ, किती रमली. बघा ना, विचारल्याशिवाय माझं घर बदललं आणि विचारूनही न ऐकता तिचं. माझ्यावर कापड टाकून ठेवलं होतं, मला तेवढंच दिसायचं जेवढं कापडाच्या फटीतून दिसतं.

त्या दुरुस्तीवाल्या बाई अधूनमधून यंत्र पुसायला, धूळ काढायला यायच्या. तशा त्या स्थानकासमोरच्या खोलीवर गेल्या. दार उघडलं नव्या जोडप्याने. आता बाईंच्या जागी माझा प्रोग्रॅम असता तर दारातच पिशवी टाकून परत गेला असता. बाई रस्ता ओलांडून स्थानकात गेल्या आणि वाहकांना विचारत सुटल्या, भोंगा कुठे गेला. विचारत विचारत त्या पाचव्या मजल्यावर पोचल्या.

त्या आधी पाणी प्यायल्या, मग त्यांनी कापड काढलं, मग पत्रा उघडला. पुतण्या घरात होता. "कशाला उगाच तसदी घेता," तो म्हणाला, "ते कार्ड गेलंय."

बाईंनी चष्मा डोक्यावरून नाकावर आणला. त्या माझ्या लाल डबीवर वाकल्या.

"हे कुणी हलवलं?"

पुतण्याने सांगितलं, जावई, ताकद, अर्धे स्विच बंद.

"ते बंद नव्हते," बाई म्हणाल्या. "तो पत्ता होता. ऑन म्हणजे शून्य. तुम्ही ह्याला नव्या घरी नेऊन ठेवलंत आणि हाका मारताय जुन्या घरी. हा ऐकणार कसा?"

त्यांनी केसातली पिन काढली आणि दांड्या जागेवर लावल्या. मग पुतण्याच्या बायकोकडून नखांचा रंग मागितला आणि चारही दांड्यांवर एकेक थेंब टाकला, म्हणजे पुन्हा कुणाच्या नखाला खाज सुटू नये. पत्रा लावला, वीज दिली. सगळं मिळून चहा गार व्हायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही. एवढ्याशा कामासाठी एका बाईचं घर गेलं होतं.

"मावशी, लिहा," बाई म्हणाल्या.

आत्या लगेच उठली नाही. तिचा आता कशावर विश्वास राहिला नव्हता. बाईंनी खुर्ची ओढून दिली तेव्हा ती आली, बसली आणि सावकाश एकेक बटण दाबू लागली. आणि माझ्या दारात अक्षरं आली. किती दिवसांनी आली म्हणून सांगू. मी ती अधाशासारखी उचलली.

"मी नको म्हटलं होतं," मी म्हणालो.

पुतण्याचा चेहरा उतरला. तो एक पाऊल पुढे आला आणि अगदी मनापासून, अगदी दुखावल्या आवाजात म्हणाला, "मग तेव्हा बोलायचं ना, आत्या."

ऐकलंत? तेव्हा बोलायचं ना. मला हात असते तर मी काय केलं असतं ते सांगत नाही. बाईंनी तोंड फिरवलं. आत्याने त्याच्याकडे बघितलं, खूप वेळ बघितलं, त्याला लहानपणापासून बघत आली तशीच. मग ती टंकायला लागली. लांबलचक टंकलं तिने. त्यात तो रविवार होता, टाळ्या होत्या, कागद होता, भिंत होती. पडदा भरला. शेवटचं बटण दाबायचं बाकी होतं, आणि मी वाट बघत होतो, की एकदा हे सगळं ओरडून सांगू दे मला.

तिने ते सगळं पुसून टाकलं. कर्ण्याचा आवाज शेवटपर्यंत वाढवला आणि दोनच शब्द टंकले.

"टेम्पो बोलाव."

"आत्या, ती खोली आता दुसऱ्यांची आहे."

"दुसरी बघ. स्थानकासमोर."

"आणि पडलीस तर? एकटी कशी राहशील? इथं तुला काय कमी आहे? मी आहे, आम्ही सगळे..." तो खरंच घाबरलेला होता.

"नको," मी म्हणालो. आत्याने बटण पुन्हा दाबलं. "नको," मी म्हणालो. तिने पुन्हा दाबलं. तोच शब्द, त्याच सुरात, तेवढ्याच मोठ्याने, जरासुद्धा गोडवा नाही. "नको."

पुतण्या खाली बसला. त्याच्या बायकोने दारातून पाहिलं आणि ती परत गेली. मग त्याने डोकं वर केलं, आणि मित्रांनो, त्याच्या तोंडावर असं काहीतरी होतं जे त्या रविवारी नव्हतं. त्याला कळलं होतं की तो नको कुठला होता.

"बघतो खोली," तो म्हणाला. उठला, चपला घातल्या आणि त्याच पावली बाहेर पडला.

खोली सोपी नव्हती मिळायला. त्याला बरंच हिंडावं लागलं तेव्हा कुठे स्थानकासमोर एक सापडली, आणि आत्याला तोवर त्या भिंतीसमोर बसावं लागलं. ते दिवस तिला कुणी परत देणार नाही. जावईबापू अजून सांगत फिरतात की मूळ बिघाड त्यांनीच शोधला होता. सांगोत बापडे.

मित्रांनो, माझी विनंती लहान आहे आणि ती मी नम्रपणे करणार नाही. ज्याचं काम तुम्हाला ठाऊक नाही, त्याच्या दांड्या हलवू नका. बंद दिसलं म्हणून चालू करायला धावू नका. एखादं यंत्र गप्प झालं तर ते मेलंय असं जाहीर करण्याआधी त्याचा पत्ता कुणी बदलला ते शोधा. आणि एखादं माणूस गप्प झालं, तर देवाशपथ, त्याच्या वतीने हो म्हणू नका. त्याच्यासमोर जाऊन बसा, त्याचा पडदा आपल्याकडे वळवून घ्या, आणि त्याने शेवटचं बटण दाबेपर्यंत तोंड मिटून थांबा.